बोडीची माती आणि गोळीचा वेग

गोळीचा वेग मोजायचं यंत्र निवडायला मला सात महिने लागले. तेवढ्यात आमच्याकडे धानाचं पऱ्हं, म्हणजे रोपं, टाकण्यापासून चुरणं-मळणी होऊन तांदूळ घरात येतो. पहिल्या महिन्यात मुख्याध्यापक विचारायचे, "मॅडम, झालं का?" तिसऱ्या महिन्यात विचारायचे, "मॅडम, होऊन राहिलं ना?" सहाव्या महिन्यात त्यांनी विचारणंच सोडलं. व्हरांड्यात समोरासमोर आलो की ते नुसते चष्म्यावरून बघायचे आणि मी घाईत असल्यासारखी पुढे जायची. शाळेत सगळ्यांना वाटलं, बाई फार चिकित्सक आहे, पारखून घेते. चिकित्सक कसली, डोंबलाची! मला ते यंत्र नकोच होतं. ते काय सांगेल याची मला भीती वाटत होती.

मी वरठीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. नोकरीची आता दोन वर्षं उरलीत. गुडघे कुरकुरतात आणि शिट्टी फुंकली की खोकला येतो. शाळेच्या मागे पूर्वी धान ठेवायचं गोदाम होतं. त्याच्यात आम्ही दहा मीटरची नेमबाजीची रेंज केली आहे. वर टिनाचं छप्पर, भिंतीला चुना, समोर पुठ्ठ्याची निशाणं. स्टीलच्या कारखान्यात जाणाऱ्यांची पोरं आणि आसपासच्या खेड्यांतल्या पोरी तिथे येतात. दोन बंदुका स्प्रिंगच्या, जुन्या. एक चांगली, नळकांड्यात हवा भरून चालणारी. तिच्यातून सुटतो तो खरं तर शिशाचा छर्रा. पण आम्ही त्याला गोळीच म्हणतो.

बंदूक बिघडली तर नागपूरला पाठवा, महिनाभर वाट बघा, आणि परत येते तेव्हा दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणून मी स्वतःच खोलायला शिकले. माझे वडील वेल्डर होते. पाना-पेचकसाची भीती मला कधी वाटली नाही. उलट थोडा गर्वच होता, खोटं कशाला बोलू. आख्ख्या जिल्ह्यात हवेची बंदूक खोलून परत जोडणारी बाई मी एकटीच, असं मी दहा जणांना ऐकवलं असेल.

बंदूक दुरुस्त केली की तिची ताकद बघावी लागते. गोळी दर वेळी सारख्याच वेगाने सुटायला हवी. जरा हळू निघाली की दहा मीटरवर जाईपर्यंत ती तेवढी जास्त खाली येते, आणि कागदावर दोन रेघा खाली बसते. दोन रेघा म्हणजे दहाचे आठ. नेम अगदी बरोबर असला तरी आठच. आता वेग मोजायला आमच्याकडे काय होतं? बोडीची माती होती. आमचे हे आसगावचे. शेताला लागून यांची छोटी बोडी आहे, म्हणजे पाणी साठवायचं तळं, पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर धान भिजतं. तिच्या तळाची माती काळी आणि चिकट, खडा म्हणून सापडायचा नाही. दर दोन-तीन महिन्यांनी हे मोटरसायकलवर एक चुंगडी, पोतंच ते, भरून आणायचे. दारात टाकताना हमखास म्हणायचे, "अवो, लोक बायकोसाठी साडी आणते, मी गारा-चिखल आणून राहिलो."

ती माती लाकडी खोक्यात थापायची, ओल्या पोत्याखाली ठेवायची आणि दोन हात अंतरावरून तिच्यात गोळी मारायची. मग भोकात सायकलचा स्पोक घालायचा. स्पोकवर मी कानशीने एक खाच केली होती. भोक खाचेपर्यंत खोल गेलं की बंदूक ठीक. कमी गेलं की कुठेतरी हवा कमी पडते. सोपं काम. वीस वर्षं मी हेच करत आले, आणि बाहेरून कुणी प्रशिक्षक आले की त्यांना हसत हसत दाखवायचे, "आमची देशी प्रयोगशाळा."

माती वाळली की भोक उथळ पडतं. हे कुणालाही कळेल. म्हणून बाजूला पाण्याचा गडवा ठेवायचा. भोक उथळ पडलं की पाणी शिंपडायचं, थापायचं, पुन्हा मारायचं. खाचेशी जुळलं की पुढे चालायचं.

माझी मुलगी याच रेंजवर वाढली. आठवीत असताना तिने पहिल्यांदा बंदूक उचलली आणि मी लगेच बाजूला झाले, कारण तिला शिकवायची गरजच नव्हती. अशी उभी राहायची की डास चावला तरी पापणी हलायची नाही. शाळा सुटली, कॉलेज सुरू झालं, तरी रोज संध्याकाळी सायकल टाकून रेंजवर यायची. जिल्हा झाला, विभाग झाला. चार वर्षांपूर्वी ती राज्याच्या स्पर्धेला गेली. त्याच्या महिनाभर आधी चांगल्या बंदुकीतून हवा फुसफुसायला लागली होती. मी ती खोलली, आतला रबरी वॉशर झिजलेला होता, तो बदलला, दोन-चार गोळ्या मातीत मारून बघितल्या. ठीक. घेऊन जा, म्हटलं.

स्पर्धेत साठ गोळ्या मारायच्या असतात. चौतीस गोळ्यांपर्यंत ती पहिल्या तिघींत होती. मग नऊ आले, मग आठ, आठ, मधे एक सात. शेवटी यादीत तिचं नाव शोधायला बोट बरंच खाली न्यावं लागलं. परत येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. भंडारा रोड स्टेशनला उतरलो तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"आई, पस्तिसाव्यापासून गोळी खाली पडून राहिली होती. माझा नेम बरोबर होता."

मी म्हटलं, घरी गेल्यावर बघू. मनात मात्र मला राग आला होता. हरली याचा नाही, देवाशपथ. तिने माझ्या दुरुस्तीवर बोट ठेवलं याचा.

दुसऱ्या दिवशी रेंजवर सगळ्यांच्या समोर मी बंदूक मातीत मारायला घेतली. म्हटलं, होऊन जाऊ दे, साठच्या साठ मारते. एप्रिलचा महिना, वर टिन तापलेलं. मुलगी गडवा घेऊन मातीच्या खोक्याशी उभी. चौतिसाव्या गोळीपर्यंत स्पोक खाचेशी जुळत होता. पुढे भोकं उथळ पडायला लागली. मी म्हटलं, "माती सुकली. पाणी मार." तिने मारलं. पुन्हा जुळलं. पाच गोळ्या झाल्या, पुन्हा उथळ. "मार पाणी." असं करत करत साठ झाल्या. मधे एकदा ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "तू गप राह, मले मोजू दे." शेवटची गोळीसुद्धा बरोबर खाचेशी.

मग मी जे बोलले ते आजही शब्दन्‌शब्द आठवतं. दहा-बारा पोरं उभी होती. मी म्हणाले, "पाहून घ्या. बंदुकीत काही नाही. हिचा हात हालते. नाचता येईना, अंगण वाकडं!" पोरं हसली. आणि तिला म्हणाले, "बंदूक ठेवून दे. दोन-चार दिवस येऊ नको."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिने बंदूक पुसली, पेटीत ठेवली, पेटी कपाटात ठेवली, किल्ली माझ्या हातात दिली. दोन-चार दिवसांनी ती आली नाही. महिन्याने नाही. मीही बोलावलं नाही. म्हटलं, ऐटीत आहे, येईल झक मारत. ती आलीच नाही. नर्सिंगला गेली, पास झाली, लग्न झालं, कोंढ्याच्या घरात दिली. तिथेच आरोग्य केंद्रात लागली. आमचं बोलणं-चालणं, दिवाळीला येणं, सगळं व्यवस्थित. फक्त बंदुकीचा विषय निघाला की ती उठून चहा ठेवायला जायची. कोंढ्याहून येणारे-जाणारे लोक मला कौतुकाने सांगायचे, "मॅडम, तुमच्या पोरीचा हात लय हलका हाये. बायका म्हणते, सुई टोचाची तं तिच्याच हातची. लेकरू रडत भी नाही." मी "हो का" म्हणायचे. ज्या हाताला मी दहा जणांत हलणारा म्हटलं होतं, तोच तो हात.

ती बंदूक मी तीन वर्षं कपाटातून काढली नाही. नको डोळ्यांसमोर, असं वाटायचं. गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी खूप चांगली मारायला लागली, स्प्रिंगच्या बंदुकीने तिचं भागेना, म्हणून काढली. हवा भरली, दिली. पंधरा दिवसांनी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खाली मान, हातात कागदाचं निशाण.

"मॅडम, शेवटी शेवटी गोळी खाली पडून राहिली."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुझा हात हालते. अगदी ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. मी तिच्या हातातला कागद घेतला आणि खाली पडलेली भोकं मोजत बसले. मुख्याध्यापक नेमके मागे उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, वेग मोजाची मशीन येते म्हणे. आपल्याले क्रीडा साहित्यातून घेता येईल. तुम्ही निवडा, तुमच्याशिवाय कोणाले समजते ते?" स्तुती केली बिचाऱ्यांनी.

तिथून ते सात महिने सुरू झाले.

पहिल्यांदा मी फोनवरचं ॲप बघितलं, फुकटचं. बंदूक सुटल्याचा आवाज आणि गोळी पत्र्यावर लागल्याचा आवाज, दोन्हींमधला वेळ मोजून ते वेग सांगतं. ऐकायला बरं वाटलं. पण आमच्या गोदामाच्या एका बाजूला रेल्वे आणि वर टिन. चिमणी टिनावर चालली तरी फोनला वाटायचं गोळी लागली. एकदा मालगाडी गेली आणि बंदूक सुटायच्या आधीच त्याने वेग सांगितला. मी फोन बंद केला. दोन महिने गेले, आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं.

मग नागपूरच्या एका ओळखीच्या प्रशिक्षकाकडून दोन डोळ्यांचं यंत्र मागून आणलं. एका पट्टीवर पुढे-मागे दोन डोळे असतात, वर पांढऱ्या प्लास्टिकच्या छत्र्या. गोळी वरून गेली की पहिल्या डोळ्यावर सावली पडते, मग दुसऱ्यावर, आणि मधल्या वेळावरून वेग निघतो. ते उन्हात झकास चालतं. आमच्या रेंजवर ट्यूबलाइट. ट्यूबलाइट आपल्याला स्थिर दिसते पण ती लुकलुकत असते, आणि ते लुकलुकणं या डोळ्यांना दिसतं. पहिली गोळी सेकंदाला एकशे सत्तर मीटर, दुसरी सहाशे, तिसरीचं नावच नाही. दिवे बंद केले तर अंधार. बाहेर मैदानात न्यावं तर पोरं, गाई, रस्त्यावरचे लोक. मी ते डब्यात बांधून परत पाठवलं आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, "सर, आपल्या रेंजले हे नाही जमत." ते म्हणाले, "मंग दुसरं बघा." हे "मंग दुसरं बघा" त्यांनी किती वेळा म्हटलं असेल! मला ते ऐकूनच थकवा यायचा.

तिसरं रडारचं. पोलिस गाड्यांचा वेग मोजतात तसलंच, पण छोटं. बाजूला ठेवायचं, बस. विकणाऱ्याने फोनवर इतकं गोड बोलून सांगितलं की मी जवळजवळ फसले. मग मी विचारलं, "दादा, साडेचार मिलिमीटरचा छर्रा त्याले दिसते का?" मग म्हणाला, "मॅडम, कधी दिसते, कधी नाही दिसत." मी म्हटलं, राहू द्या, तसलं यंत्र माझ्याकडे आहे, त्याला माती म्हणतात.

राहिलं ते नळीच्या तोंडाला लावायचं. मुठीएवढी नळकांडी, पट्ट्याने बंदुकीच्या तोंडावर घट्ट बसवायची. आत न दिसणाऱ्या उजेडाचे दोन पडदे. गोळी त्यांतून जाते, यंत्र आकडा दाखवतं. ट्यूबलाइट असो, ऊन असो, रेल्वे जावो, त्याला फरक पडत नाही. म्हणजे आमच्या रेंजला नेमकं तेच लागत होतं, आणि हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलेलं होतं. तरी मी नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली. एकात शाळेचं नाव चुकलं म्हणून परत मागवलं. दुसऱ्यात शिक्का नव्हता. एरवी असल्या कागदांवर मी चिडते, तेव्हा मात्र प्रत्येक चूक मला देवासारखी पावत होती. यांनी एका संध्याकाळी जेवताना विचारलं, "अवो, एवढी काहून लांबवून राहिली तू? मशीनच तं घ्याची हाये, जावई थोडी पाहाचा हाये." मी ताटावरून उठले. यांना कळलं असावं. पुढे त्यांनी विषय काढला नाही आणि मातीची चुंगडीही आणून टाकली नाही.

शेवटी यंत्र आलं. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी ते बंदुकीच्या तोंडावर बसवलं. नववीतली ती मुलगी गोळ्या मारत होती, आकड्यांचा पडदा मी माझ्याकडे वळवून घेतला होता, आणि वहीच्या कागदावर लिहीत होते. एकशे बहात्तर. एकशे एकाहत्तर. एकशे बहात्तर. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटायला लागलं. दहा झाल्या, वीस झाल्या, तीस झाल्या. मी मनात म्हटलं, बघ, उगाच सात महिने मेलीस भीतीने. चौतिसावी, एकशे एकाहत्तर. पस्तिसावी एकशे सहासष्ट. मग एकशे त्रेसष्ट. मग एकशे साठ. माझं पेन चालत होतं पण आकडे मला वाकडे दिसायला लागले. साठावी गोळी एकशे एक्कावन्न.

"मॅडम, किती आले?" मुलीने विचारलं.

मी कागदाची घडी केली. तिला काहीतरी सांगितलं आणि घरी पाठवलं. ती गेली. मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले.

शनिवारी सकाळी मी एकटीच रेंजवर गेले. खोक्यात माती होती. यंत्र बंदुकीच्या तोंडावर, समोर माती, बाजूला पाण्याचा गडवा, जसा चार वर्षांपूर्वी होता. नळकांड्यात पूर्ण हवा भरून एकामागून एक मारत गेले. पस्तिसाव्या गोळीला पडद्यावरचा आकडा खाली आला आणि भोक उथळ पडलं. माझा हात आपोआप गडव्याकडे गेला. सवयच ती! हात तिथेच थांबला. मी मातीत अंगठा दाबून बघितला. माती ओली होती. अगदी लोण्यासारखी, सुकण्याचं नावच नाही. गोळी हळू झाली होती. आणि त्या दिवशी मी काय केलं होतं, तर गोळी जितकी हळू होत गेली तितकी माती मऊ करत गेले, म्हणजे माझी खाच बरोबर यावी. मातीला पाणी दिलं आणि पोरीला बोलणं दिलं.

बंदूक खोलली. आतला तो रबरी वॉशर, मीच मोटारपंपाच्या दुकानातून आणून, घासून बसवलेला, एका बाजूने ताठ झाला होता. सुरुवातीला हवा बरोबर सोडायचा, नळकांड्यातला दाब थोडा उतरला की अडायचा. अंगण वाकडंच होतं, आणि ते मी वाकडं केलं होतं. मी तिथे रडले. वॉशर हातात घेऊन, पन्नाशी उलटलेली बाई, मोठ्याने रडले. ऐकायला टिनावरच्या चिमण्यांशिवाय कुणी नव्हतं.

सोमवारी रजा टाकली आणि भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या एसटीने कोंढ्याला गेले. पर्समध्ये तो घडी केलेला कागद. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं. आरोग्य केंद्रात लसीकरणाचा दिवस होता. व्हरांड्यात बायका लेकरं घेऊन बसलेल्या. मी दारात उभी राहून बघत होते. तिने एका लेकराची मांडी दोन बोटांनी धरली, सुई टोचली, काढली. सगळं होऊन गेल्यावर लेकराला आठवलं की रडायचं आहे. तिचा हात हवेत तसाच थांबलेला, जराही हलत नव्हता. बंदूक धरायची तशीच.

दुपारी गर्दी ओसरली. तिने हात धुतले, मला आतल्या बाकावर बसवलं. "काय झालं वो आई? बाबाची तब्येत बरी हाये ना?"

"बरी हाये." मी कागद काढून तिच्या हातात दिला.

तिने घडी उघडली. वर काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसते साठ आकडे. नर्स आहे, वाटलं विचारेल, कोणत्या पेशंटचे हे. तिने विचारलं नाही. बोट पहिल्या आकड्यापासून हळूहळू खाली नेलं आणि पस्तिसाव्यावर थांबवलं.

"इथून," ती म्हणाली.

"हाव. इथून."

बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"वॉशर अडत होता," मी म्हटलं. "मीच टाकला होता तो. आन्‌ माती..."

"माती ओली होती, आई." ती शांतपणे म्हणाली. "पाणी मीच मारून राहिली होती ना. माझा हात होता मातीले. मी तुले सांगितलं भी, आई, माती ओलीच हाये. तू म्हणली, गप राह, मले मोजू दे."

म्हणजे ती हे बोलली होती. मधे एकदा ती काहीतरी म्हणाली, असं मला चार वर्षं आठवत होतं, आणि ते काहीतरी काय होतं हे मी चार वर्षांत एकदाही आठवायचा प्रयत्न केला नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "सगळ्यांच्या समोर बोलली मी तुले. माझं चुकलं, बाई." आणि मला पुन्हा रडू आलं. तिने मला रडू दिलं. पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता.

मग तिने कागदाची घडी घातली, तशीच, जशी मी घातली होती, आणि विचारलं, "हे कोणं मारल्या? हे साठ गोळ्या?"

"नववीतली एक पोरगी हाये. चांगली मारते. तुझ्यासारखीच."

"तिले दाखवले हे आकडे?"

"नाही. म्हटलं, पहिले तुले दाखवू."

"मंग तिले काय सांगितलं तू?"

मी सहज सांगायला गेले. तोंड उघडलं, आणि वाक्य बाहेर पडता पडता माझ्याच कानांनी ते ऐकलं. "म्हटलं, बंदूक ठेवून दे. दोन-चार दिवस येऊ नको."

चार वर्षं माझी मुलगी जे दुखणं माझ्यापासून लपवत आली होती ते मी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर बघितलं. मग तिने माझी पर्स उचलली, कागद तिच्यात टाकला, चेन लावली आणि पर्स माझ्या मांडीवर ठेवली.

"सव्वादोनची गाडी हाये," ती म्हणाली. "शाळा सुटाच्या आधी पोहोचशील. ऊठ, आई."

मी उठले.